उंबऱ्यावरचं एक मिनिट

हे प्रकरण आमची गुरुवारची घरगुती प्रार्थना ज्यांच्या घरी होते त्या कुटुंबाचं आहे. घरातल्या चौघांनीही ते लिहायला परवानगी दिली. वडिलांना मी सगळा मजकूर समोर बसून वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी बदल सांगितला, तो केला. ओळख पटू नये म्हणून गल्ली, मंडळी (म्हणजे चर्च) आणि कारखाना यांची नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. मुलाला मी भाऊ म्हणते, वडिलांना आण्णा आणि भाऊंच्या पत्नीला वहिनी. मी निवृत्त शिक्षिका, हा छोटा गट चालवते. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली. ती कुठं झाली ते पुढं येईल.

पार्श्वभूमी

भाऊंचं वय ४६. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहेत, आणि मंडळीत डीकन, म्हणजे सेवेची कामं बघणारे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या पुढं गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे, एवढं सांगितलं तरी कोल्हापूरकराला पुढचं सगळं आठवेल. आंबेवाडी-चिखलीकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आली. तेव्हा निवारा केंद्रात सात दिवस जो माणूस घरी गेला नाही, तो म्हणजे भाऊ. म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची यादी त्यांच्याकडं, बाळांच्या दुधाची सोय त्यांच्याकडं, रात्री दोन वाजता रडणाऱ्या आजीजवळ बसायचं कामही त्यांच्याचकडं. जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आलं आणि पुन्हा तेच झालं. मंडळीत दयाळूपणाचा विषय निघाला की उदाहरण ठरलेलं असायचं.

आण्णा ७८ वर्षांचे. शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत त्यांची तीस वर्षांवर नोकरी झाली, त्यातला बराच काळ फेटलिंगमध्ये. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचा जादा धातू छिन्नी-हातोड्यानं आणि ग्राइंडरनं काढायचा, हे ते काम. त्या काळात कानात बोळे घालायची पद्धत नव्हती. कुणी कापूस घातलाच तर बाकीचे हसायचे. निवृत्त झाले तेव्हाच आण्णांना कमी ऐकू येत होतं, पुढं ते वाढत गेलं. शेवटची तीन वर्षं ते उपासनेलाही येत नव्हते. मंडळीत समज असा की जुन्या कुठल्या तरी निवडणुकीवरून ते रुसले आहेत. मीही तसंच धरून चालले होते.

घरात आणखी दोघी. वहिनी शिवणकाम करतात. मुलगी तेव्हा अकरावीत होती.

आमच्या मंडळ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा या प्रकरणाशी संबंध आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती माणसानं दया पाहिली ती शाळा, वसतिगृह आणि दवाखान्याच्या रूपात. शेजारी मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं. कित्येक घरांतली आई नाही तर आत्या तिथली सिस्टर असायची. या वारशाचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यामुळं दया म्हटलं की डोळ्यांसमोर इमारत येते, रांग येते, वाटप येतं. संध्याकाळी साडेसातला स्वतःच्या घराचं दार उघडून आत जाणारा माणूस काही डोळ्यांसमोर येत नाही.

अडचण काय होती

जानेवारी २०२४मधली एक संध्याकाळ. भाऊ कामावरून आले. आण्णांचा टीव्ही नेहमीसारखा जोरात. भाऊंनी दारातूनच विचारलं, "गोळी घेतली काय?" आण्णा म्हणाले, "कोण आलंय?" भाऊंनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. आण्णा म्हणाले, "न्हाई, मी न्हाई बोलवलं कुणाला." मग भाऊ ओरडले. गोळीवरून बोलणं औषधाच्या खर्चावर गेलं, तिथून टीव्हीवर, आणि शेवटी "तुमच्यापुढं डोकं आपटून घ्यायचं राहिलंय" इथवर पोचलं. शेजारचे गॅलरीत आले. आण्णांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. जेवले नाहीत.

रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, कॅम्पमध्ये तुम्ही म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलत होता, मला अजून आठवतंय. आपले आण्णा पण एकदा पुरातनं यायला पायजेत काय?"

पुढच्या गुरुवारी प्रार्थना झाल्यावर सगळे गेले, भाऊंनी मला थांबवलं. त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांची मान खाली होती. "बाई, मी ढोंगी आहे काय?" असं त्यांनी विचारलं. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कॅम्पमधली त्यांची माया खोटी नव्हती. पण कॅम्प सात दिवसांचा असतो, तिथल्या म्हाताऱ्याबरोबर जुना हिशेब नसतो, आणि तो म्हातारा तुमच्याकडं कृतज्ञतेनं बघतो. घरातला म्हातारा रोज तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतो आणि वर आपल्यालाच रागावतो.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्यात 'ममता' हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द ख्रेस्तोतेस. त्याच कुळातलं विशेषण येशूनं आपल्या जुवाबद्दल वापरलं आहे, 'माझे जू सोयीचे' या वचनात. ज्यानं बैल पाळलाय त्याला सोयीचं जू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मानेच्या मापाचं नसेल तर जू हलकं असलं तरी खांदा सोलतं. मी भाऊंना त्या दिवशी हेच सांगितलं: ममता म्हणजे समोरच्याच्या मानेला बसेल असं वागणं. आण्णांची मान कशी आहे ते आधी मापायला पाहिजे. बोलून तर गेले, पण मापायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते माझंच मला तेव्हा कळलं नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या वर्षी १४ फेब्रुवारीला होता. उपवासकाळाचे चाळीस दिवस समोर होते, म्हणून जे करायचं ते त्याच काळात करावं असं ठरलं. गटातल्या चार जणांशी भाऊंच्या परवानगीनं बोलणं झालं.

पहिला विचार नेहमीचा, उपास. भाऊ दर वर्षी चहा सोडतात. वहिनींनी तिथंच सांगितलं की चहा सोडला की ह्यांचा पारा जास्त चढतो, त्या चाळीस दिवसांत घरात कुणी ह्यांच्या वाटेला जात नाही. सगळे हसले, पण मुद्दा गंभीर होता. ज्या उपासाची किंमत घरातली दुसरी माणसं मोजतात तो कुणाचा उपास?

दुसरा विचार भाऊंचाच होता: आण्णांचे पाय धरून माफी मागायची आणि पुन्हा कधी ओरडणार नाही अशी शपथ घ्यायची. मी याला विरोध केला. माफीला माझी हरकत नव्हती, शपथेला होती. पंधरा वर्षांची सवय तिसऱ्या दिवशी वर येते, शपथ मोडते, आणि मोडलेल्या शपथेचा राग पुन्हा त्याच माणसावर निघतो. शाळेत मी हे मुलांच्या बाबतीत फार वेळा पाहिलंय.

तिसरा विचार मुलीचा होता, आणि तो तिनं अगदी साधेपणानं मांडला: "आधी आण्णांचे कान तपासू या की." गटातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "बाळा, हा प्रार्थनेचा विषय आहे, डॉक्टरचा न्हवं. बदल पप्पांच्या मनात व्हायला पायजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो आम्ही हातचा घालवला. तपासणी तीन आठवडे लांबली.

ठरला तो चौथा मार्ग: एक जागा, एक वेळ, एक कृती. दिवसभर दयाळू राहायचं असं काही ठरवायचं नाही. घरात शिरतानाची पहिली दोन मिनिटं तेवढी सांभाळायची.

काय केलं

उंबऱ्यावर थांबायचं. हेल्मेट काढायचं, मोबाइल खिशात टाकायचा. बायबलमधल्या १४१व्या स्तोत्रात तोंडावर पहारा ठेव आणि ओठांचं दार सांभाळ अशी विनवणी आहे, ती मनात म्हणायची. मग आत जाऊन दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी आण्णांच्या समोर बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आण्णा, आलो." प्रश्न विचारायचा नाही. गोळी, बिल, टीव्ही, सगळं नंतर.

जोडीला एक वही. सोळाव्या शतकातले स्पेनचे संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची एक साधी रीत सांगितली आहे. एकच दोष निवडायचा, रोजच्या दोन रेघा आखायच्या, एक दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची, आणि जितक्या वेळा चूक होईल तितके ठिपके द्यायचे. आमची मंडळी प्रॉटेस्टंट, तेव्हा "ही कॅथलिक पद्धत कशाला?" असं एकानं विचारलं. मी म्हटलं, ठिपक्याला पंथ नसतो.

पहिल्याच दिवशी काय झालं ते भाऊंनी गटात सांगितलं. समोर बसले, खांद्यावर हात ठेवला, "आण्णा, आलो" म्हणाले. आण्णांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "काय गा, पैसं पायजेत काय? का घराच्या कागदावर सही पायजे?"

भाऊंना ते फार लागलं. मला मात्र त्या प्रश्नात आण्णांची इतकी वर्षं दिसली. आपल्या अंगाला कुणी हात लावला तर त्यामागं काम असणार, इतक्या एकटेपणात तो माणूस राहत होता. भाऊंना मी एवढंच म्हटलं, की त्यांना खात्री पटवायला जाऊ नका, उद्या पुन्हा बसा. सहाव्या-सातव्या दिवसापासून आण्णा साडेसातच्या सुमारास टीव्हीचा आवाज आपण होऊन कमी करू लागले.

वहीनं मात्र वेगळंच वळण घेतलं. दहा दिवसांनी भाऊ ती उघडून दाखवू लागले: "आज एकच ठिपका", "आज शून्य". मुलगी एका गुरुवारी शांतपणे म्हणाली, "आण्णांच्या नावावर ठिपका नाही, पण आईवर दोनदा ओरडले. ते कुठं लिहायचं?" खोलीत कुणी काही बोललं नाही. राग आटला नव्हता, त्यानं नुसती वाट बदलली होती. आण्णांवर निघायचा तो वहिनींवर निघू लागला, कारण वहिनींची रेघ वहीत नव्हती.

त्याच बैठकीत वहिनी पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. त्या एरवी चहाच्या ट्रेमागं उभ्या असतात. "बाई, मी पंधरा वर्सं हेच करतो की. समोर जाऊन बसायचं, हात लावायचा, सावकाश बोलायचं. आण्णांना माझं सगळं कळतंय. माझी वही कुणी घातली न्हाई." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच बोचलं. ज्या घरात आम्ही दयाळूपणा शिकवायला गेलो, तिथं तो जिला येत होता ती बाई दर गुरुवारी आम्हाला चहा देत होती. तिला तो कसा जमतो, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

वही त्या दिवशी बंद केली. दुसरी गोष्ट ठरली: पुण्यातल्या धाकट्या भावाला फोन करायचा. आण्णांच्या औषधाचा अर्धा खर्च त्यानं द्यावा आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार इथं यावं. भाऊंना हे स्वार्थी वाटत होतं. पण थकलेल्या माणसाच्या तोंडून गोड शब्द यावा म्हणून नुसती प्रार्थना करत राहणं मला पटत नव्हतं. येशू गर्दीतून बाजूला जायचा, तारवात उशी घेऊन झोपायचाही. धाकटा भाऊ खर्चाला तयार झाला. शनिवार-रविवारचं अजून नीट बसलेलं नाही.

कानाची तपासणी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अखेर आण्णांना तपासायला नेलं, तेही मुलीनं हट्ट धरला म्हणून. आधी दोन्ही कानांतला घट्ट मळ काढला. मग बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. तपासणाऱ्या मॅडमनी आलेख समोर ठेवून समजावलं, ते भाऊंनी मला जसंच्या तसं सांगितलं.

सतत मोठ्या आवाजात काम केलं की आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज दिवसाला आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला तरी एवढं नुकसान होतं. फेटलिंगचा आवाज त्याच्या पुढचा. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. बोलण्यातले स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं गळून पडतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय, पण कळत न्हाई." ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात. त्यात अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज चटकन सहन होईनासा होतो. म्हणजे भाऊ ओरडायचे तेव्हा आण्णांना शब्द कळत नव्हते, कळत होता तो राग. टीव्ही चालू असताना तर काहीच वेगळं काढता येत नव्हतं.

मॅडमनी उपाय सांगितला: समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आधी हात लावून लक्ष वेधा, टीव्ही बंद करा, आवाज न चढवता सावकाश बोला, कळलं नाही तर तेच वाक्य जोरात म्हणण्याऐवजी शब्द बदला.

भाऊ म्हणाले, "बाई, वहिनी करते ते हेच की." (ते बायकोला आमच्यासमोर वहिनीच म्हणतात.)

हे ऐकून मी घरी आले आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचा शेवट काढला. येशूकडं एका बहिऱ्या माणसाला आणतात. येशू त्याला गर्दीतून एकीकडं नेतो. त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, उसासा टाकतो आणि मग म्हणतो, इफ्फाथा, मोकळा हो. कितीदा वाचलेला उतारा. चमत्काराच्या आधीचं ते सगळं मी कायम भरभर वाचून पुढं गेले होते: गोंगाटापासून दूर नेणं, स्पर्श, समोरासमोर असणं. ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल अशा भाषेत येशू आधी त्याच्याशी बोलला.

उताऱ्याच्या शेवटी येशू म्हणतो की हे कुणाला सांगू नका. तेही मी भरभर वाचलं. त्याचा भुर्दंड पुढं आठ-दहा दिवसांतच पडला.

झावळ्यांचा रविवार

आण्णांना दोन्ही कानांची मशीन बसवली. पहिले दिवस कठीण गेले. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, शेजारची मिक्सी, सगळं अंगावर येत होतं. तरी २४ मार्चला, ईस्टरच्या आदल्या म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, ते तीन वर्षांनी उपासनेला आले. रुसवा कधीच नव्हता. संदेशातलं, म्हणजे प्रवचनातलं, एक अक्षर कळायचं नाही आणि लोक हसले की आपण का हसायचं ते समजायचं नाही, म्हणून ते यायचे थांबले होते.

त्या सकाळी मी भाऊंना म्हटलं, "आज साक्ष द्या. लोकांना फार बळ मिळेल." साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. भाऊ थोडे घुटमळले. मी आग्रह केला. त्यांनी साक्ष दिली, आणि ती मनापासून दिली. मी वडिलांवर कसा ओरडायचो, शेजारी कसे बाहेर यायचे, देवानं मला कसं थांबवलं, सगळं सांगितलं. कित्येकांचे डोळे ओलावले. चौथ्या बाकावर आण्णा नव्या मशीनमधून प्रत्येक शब्द ऐकत होते.

उपासना संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. एकानं त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आण्णा, बरं झालं, ल्योक सुधारला न्हवं आता." आण्णांनी दोन्ही मशीन काढली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती अकरा दिवस तिथंच राहिली. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आले नाहीत, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरलाही नाहीत.

भाऊंनी दिली ती त्यांच्या चुकीची कबुली होती. पण त्या कबुलीत आण्णांचं घरातलं हसं, त्यांचं बहिरेपण, त्यांचं भिंतीकडं तोंड करून पडणं सगळ्या मंडळीसमोर आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं. ती कथा दोघांची होती आणि मी एकाचीच परवानगी घेतली. ज्या माणसाला येशूनं गर्दीतून बाजूला नेलं असतं त्याला मी गर्दीच्या मधोमध बसवलं.

मी त्यांच्या घरी गेले. टीव्ही बंद करून समोर बसले. म्हटलं, "आण्णा, साक्ष द्यायला मी सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही. माझं चुकलं." ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फाउंड्रीत एवढा आवाज असायचा, पण घरातलं घरात ऱ्हायचं, बाई." आणखी काही बोलले नाहीत. वहिनींनी चहा आणला, तो आम्ही तिघांनी घेतला. ४ एप्रिलच्या गुरुवारी प्रार्थनेला ते आतल्या खोलीतून बाहेर आले. मशीन कानांत होती. का घातली ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

पुढं काय झालं

ओरडणं पूर्ण थांबलेलं नाही. वहिनींच्या अंदाजानं आता महिन्यातून एखाद-दोनदा होतं, आणि झालं तर भाऊ त्याच रात्री समोर जाऊन बसतात. उंबऱ्यावरचं थांबणं उपवासकाळ संपल्यावरही चालू राहिलं. गुरुवारी चहा आता भाऊ करतात. साखर जास्त पडते. वहिनी गटात बसतात आणि प्रार्थनाही सांगतात.

जुलै २०२४मध्ये पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. निवारा केंद्रासाठी पहिला फोन अर्थातच भाऊंना आला. त्यांनी दिवसाची पाळी घेतली, रात्रीची नाही म्हणून सांगितली. साडेसातला घरी जायचं असतं म्हणाले. मंडळीतल्या एक-दोघांना हे रुचलं नाही. "भाऊ बदलले" असं माझ्या कानावर आलं. मी त्यावर वाद घातला नाही, पण मला त्या नकाराचं फार मोल वाटतं.

त्याच केंद्रात एक म्हातारी दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती. धक्का बसलाय, असं स्वयंसेवकांनी धरलं होतं. भाऊ तिच्या समोर उकिडवे बसले, गुडघ्याला हात लावला आणि सावकाश विचारलं, "आज्जी, ऐकू कमी येतंय काय?" ती म्हणाली, "व्हय की रं. मशीन पाण्यात गेलं."

काय वेगळं करता आलं असतं

सोळा वर्षांच्या मुलीचं ऐकून पहिल्याच आठवड्यात कान तपासायला हवे होते. प्रार्थना आणि तपासणी यांत निवड करायची गरजच नव्हती, ती आम्ही उगाच उभी केली. काकांना मी नंतर हे सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं, आणि महिनाभरात स्वतःचेही कान तपासून घेतले.

वही वाईट नव्हती, तिच्यात एकच नाव होतं हे वाईट झालं. पुन्हा कुणी ही रीत वापरणार असेल तर ठिपका कधी द्यायचा हे घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून ठरवावं आणि वही कुणाला दाखवू नये. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हे येशूनं दानधर्माबद्दल सांगितलंय. आठवड्यातल्या चांगल्या वागण्यालाही ते लागू आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि सुरुवात वहिनींपासून व्हायला हवी होती. गटात आम्ही नेहमी ज्याचं चुकतं त्याच्याभोवती बसतो. ज्याला जमतं त्याला "तुला हे कसं जमतं?" असं विचारलं असतं तर अर्धा उपवासकाळ वाचला असता. हल्ली नवं कुटुंब आलं की मी पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारते. बहुतेक वेळा उत्तर स्वयंपाकघरातून येतं.

साक्षीबद्दल आमच्या गटात आता एक नियम आहे: साक्षीत जितकी माणसं येतात तितक्यांना आधी विचारायचं. दोन साक्षी त्यामुळं झाल्या नाहीत. त्यातली एक माझीच होती.

परवाच्या गुरुवारी मी थोडी लवकर पोचले. आण्णा उंबऱ्याशीच खुर्ची टाकून बसले होते. मी बोलायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं, समोरचा स्टूल पुढं सरकवला आणि त्यावर बस अशी खूण केली.

"सावकाश बोला, बाई," ते म्हणाले. "मशीन आत ऱ्हायलंय, आणि उठायचा कंटाळा आलाय."

मी बसले. भाऊ यायला अजून वेळ होता.